दुसऱ्याचं मूल : 'दृश्यम २' वाचताना

न्यायालयात एक छापील कादंबरी सादर होते आणि खुनाचा खटला जागच्या जागी ढासळतो. पोलिसांकडं कबुलीजबाब आहे, जमिनीखालून सांगाडा निघालेला आहे, त्या रात्री आरोपीला पाहिलेला साक्षीदार आहे. बचाव पक्ष म्हणतो, ही सगळी हकीकत आमच्या अशिलानं कादंबरीत आधीच छापलेली आहे. पोलिसांनी तीच उचलली आणि खटला रचला. 'दृश्यम २'मधल्या या डावाला चित्रपटगृहात टाळ्या पडतात, आणि त्या पडाव्यात इतका तो चोख बेतलेला आहे. टाळ्या ओसरल्यावर मात्र एक प्रश्न मागं राहतो आणि तो कथानकात कुणीच विचारत नाही. त्या प्रश्नापर्यंत जायचं तर रहस्य फोडावंच लागेल. ज्यांनी हे दोन भाग पाहिलेले नाहीत त्यांनी आधी ते पाहावेत.

मूळ कथा जीतू जोसेफ यांची. मल्याळम 'दृश्यम' २०१३च्या डिसेंबरात आला, त्याचा दुसरा भाग २०२१च्या फेब्रुवारीत. हिंदीत पहिला भाग निशिकांत कामत यांनी २०१५ साली केला. 'डोंबिवली फास्ट'सारखा चित्रपट देणारा हा दिग्दर्शक ऑगस्ट २०२०मध्ये गेला आणि दुसरा भाग अभिषेक पाठक यांनी २०२२च्या नोव्हेंबरात पडद्यावर आणला. केरळातलं कुटुंब हिंदीत गोव्यात आलं आणि आडनावं आपल्या ओळखीची झाली. केबलवाला विजय साळगावकर, पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख, फौजदार गायतोंडे. माणसं हिंदी बोलतात, पण शेजारपाजार, सत्संग, पावभाजीचं हॉटेल, पोरीच्या अब्रूची धास्ती हे सगळं मराठी घराला जवळचं आहे. या दोन भागांकडं मी एकाच कादंबरीचे दोन खंड म्हणून पाहतो, कारण त्यांची बांधणी तशीच आहे. पहिल्या खंडात सहज येऊन गेलेल्या गोष्टींचा अर्थ दुसऱ्या खंडात बदलतो.

मूल हरवल्याच्या गोष्टीत दोन प्रश्न एकाच वेळी चालत असतात. पोरगं कुठं आहे, हा पोलिसांचा प्रश्न आणि वाचकाचाही. रहस्यकथा त्याच्यावर जगते. जे काही उरलं असेल ते आमच्या हाती द्या, हा आईबापांचा प्रश्न. त्यात रहस्य नसतं, नुसती वाट पाहणं असतं, म्हणून रहस्यकथा त्याला कोपऱ्यात बसवते. 'दृश्यम'चा पहिला भाग पहिल्या प्रश्नावर उभा आहे. दुसऱ्या भागाचं मोठेपण हे की त्यानं दुसऱ्या प्रश्नाला कथेच्या मध्यभागी आणलं. मात्र ते करताना तिसरा एक प्रश्न त्यानं जन्माला घातला आणि तिथंच सोडून दिला.

पहिल्या भागाची कारागिरी आधी पाहू. चौथी नापास विजय आपल्या केबलच्या ऑफिसात रात्र रात्र सिनेमे बघत बसतो. त्याची थोरली मुलगी अंजू हिचा अंघोळ करतानाचा व्हिडिओ सॅम देशमुख या पोरानं चोरून काढलेला असतो. तो धमकावत घरापर्यंत येतो, झटापटीत अंजूच्या हातून त्याच्या डोक्यात घाव बसतो आणि तो मरतो. तारीख २ ऑक्टोबर. गांधी जयंती, दारूची दुकानं बंद असण्याचा दिवस, आणि याच तारखेभोवती एक असत्य इतक्या निगुतीनं विणलं जातं की ते ऐकणाऱ्याला सत्यापेक्षा घट्ट वाटतं. विजय कुटुंबाला घेऊन पणजीला जातो, सत्संग ऐकतो, सिनेमा बघतो, हॉटेलात जेवतो, तिकिटं आणि पावत्या जपून ठेवतो. हा प्रवास घडतो घटनेनंतर. पण बसचा कंडक्टर, लॉजचा मॅनेजर, टॉकीजचा ऑपरेटर, हॉटेलचा मालक या सगळ्यांच्या डोक्यात तो २ आणि ३ ऑक्टोबरला घडला म्हणून पक्का बसवला जातो.

पहिल्या भागातला सर्वांत सुंदर धागा हाच आहे, कारण हे साक्षीदार खोटं बोलत नाहीत. त्यांना दरडावलेलं नाही, पैसेही चारलेले नाहीत. ते शपथेवर जे सांगतात ते त्यांना खरंच आठवत असतं. परभणीसारख्या गावात राहणाऱ्याला यातलं मर्म चटकन कळतं. स्टँडवर, टॉकीजच्या दारात, खानावळीत माणूस तोंडानं लक्षात राहतो. तारीख लक्षात राहत नाही. कुणी दोनदा सहज बोलून गेलं की 'त्या दिवशी सत्संग होता बघा', तर ती तारीख आपलीच आठवण होऊन बसते. मोठ्या शहरात विजयचा डाव फसला असता, कारण तिथं कुणी कुणाकडं बघत नाही. कागदावरच चालणाऱ्या जागीही फसला असता. ओळखीवर चालणाऱ्या निमशहरी गावातच तो तरू शकतो. रहस्यकथेनं आपल्या जागेचा स्वभाव असा कामाला लावावा, हे आपल्याकडं क्वचित घडतं.

या सगळ्यात सॅमचं काय होतं, तेही पाहावं. पटकथा त्याला फार थोडा वेळ देते आणि त्या थोड्या वेळात त्याचं वाईटपण पुरतं दाखवून टाकते. लाडावलेला, मस्तवाल, पोरींना छळणारा. तो मेला तेव्हा प्रेक्षकाला हळहळ वाटत नाही, सुटका वाटते. इथून पुढं प्रेक्षक साळगावकरांच्या घरात राहायला जातो. मीरा देशमुख मुलाला शोधत दारात येते तेव्हा ती आपल्याला शोधणारी आई वाटत नाही, संकट वाटते. गायतोंडे धाकट्या अनूला मारतो, मीरा ते होऊ देते, आणि आपली उरलीसुरली सहानुभूतीही आटते. अनू फुटते, परसातला खड्डा उकरला जातो, आत जनावराचं धूड निघतं, आणि सगळं चित्रपटगृह सुटकेचा श्वास टाकतं. एका आईला तिच्या मुलाचा देह सापडला नाही याचा आपल्याला आनंद झालेला असतो. हे आपल्याकडून करून घेणं ही पहिल्या भागाची ताकद, आणि तेच त्याच्या डोक्यावरचं कर्जही. सॅमचा देह नव्यानं बांधल्या जात असलेल्या पोलीस ठाण्याच्या फरशीखाली आहे, हे शेवटच्या दृश्यात फक्त आपल्याला सांगितलं जातं. प्रेक्षक आता नुसता साक्षी उरलेला नसतो, तो सामील असतो.

दुसरा भाग सात वर्षांनी उघडतो, पण त्याचं पहिलं दृश्य त्याच जुन्या रात्रीचं आहे. मेहुण्याचा खून करून पळणारा एक माणूस पोलिसांपासून लपत त्या अर्धवट बांधलेल्या ठाण्यापाशी येतो आणि तिथून बाहेर पडणाऱ्या विजयला बघतो. मग तो पकडला जातो, तुरुंगात जातो, आणि त्यानं पाहिलेलं दृश्यही त्याच्याबरोबर सात वर्षं आत राहतं. उत्तरभाग लिहिणाऱ्यापुढं नेहमीची अडचण असते : पहिल्या भागात पक्कं बंद केलेलं दार आता उघडायचं कसं? बहुतेक जण नवा गुन्हा आणतात. जीतू जोसेफ नवा गुन्हा आणत नाहीत. ते त्याच रात्रीकडं दुसऱ्या कोपऱ्यातून बघतात. पहिल्या भागात आपण विजयच्या खांद्यावरून पाहत होतो. आता कळतं की त्या अंधारात आणखी दोन डोळे होते.

मधल्या सात वर्षांचं चित्रण संथ आहे, आणि अनेकांनी त्याला कंटाळवाणं म्हटलं. मला तो भाग सर्वांत भरलेला वाटतो. साळगावकरांची परिस्थिती सुधारली आहे. विजयनं स्वतःचं चित्रपटगृह उभारलंय, सिनेमा काढायचं त्याच्या मनात आहे, तो थोडी घेऊही लागलाय. घरात मात्र काहीच सुधारलेलं नाही. अंजू पोलिसांची गाडी दिसली तरी थरथरते, तिला झटके येतात. तिला शिक्षा झालेली नाही, पण ती भोगते आहे. विजयची बायको नंदिनी नवऱ्याशी भांडते, कारण बोलायला दुसरं कुणी नाही, आणि नवरा घरी असूनही नसल्यासारखा. तिनं शेजारणीपाशी मन मोकळं करणं हीच पुढच्या संकटाची सुरुवात ठरते, कारण शेजारी राहायला आलेलं जोडपं पोलिसांचं निघतं. गुप्त पोलिसांना कुलूप तोडावं लागत नाही. एका बाईचं एकटेपण पुरतं. हा धागा पटकथेतल्या कुठल्याही चतुराईपेक्षा खोल आहे.

गावही बदललेलं आहे. पहिल्या भागात गाव विजयच्या बाजूनं होतं. गायतोंडेनं पोरीला मारल्यावर लोक भडकले होते, आपल्या माणसासाठी धावून आले होते. आता चहाच्या टपरीवर कुजबुज चालते की त्यानंच केलं असणार. पोरीबद्दल नको ते बोललं जातं. पैसा कुठून आला याचा हिशोब लावला जातो. ज्या सामूहिक आठवणीनं विजयला वाचवलं, तीच सात वर्षांत बदलून त्याच्या अंगावर येते. तारीख लोकांच्या मनात पेरता येते, भरवसा कायमचा पेरता येत नाही. पहिल्या भागाचा इतका नेमका प्रतिवाद त्याच्याच उत्तरभागानं करावा, याला चांगलं लेखन म्हणावं.

दुसऱ्या भागातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं दृश्य बोलण्याचं आहे. सॅमचे वडील महेश देशमुख विजयला भेटतात. सूड नको, शिक्षाही नको. मुलाचं जे काही उरलं असेल ते कुठं आहे एवढं सांग, त्याचे अंत्यविधी करायचे आहेत, एवढंच त्यांचं मागणं. रजत कपूर यांनी हा बाप आवाज न चढवता उभा केलाय. समोर अजय देवगणचा विजय गप्प. बोलला तर पोरगी जाते, गप्प राहिला तर एका बापाला झिडकारणं होतं. इथं प्रेक्षकाला पहिल्यांदा सॅम पोर म्हणून दिसतो. सात वर्षं तो आपल्या लेखी गुन्हेगार आणि मढं एवढाच होता. बापाच्या एका विनवणीनं तो पुन्हा कुणाचा तरी मुलगा होतो. मूल हरवल्याचा दुसरा प्रश्न अशा रीतीनं कथेच्या मध्यभागी येऊन बसतो.

मीराचं दुःख वेगळ्या धाटणीचं. तब्बू यांनी पहिल्या भागात वर्दीतली आई अशी साकारली की वर्दी पुढं आणि आई मागं दिसे. दुसऱ्या भागात वर्दी उतरली आहे, पद तरुण अहलावतकडं आहे (अक्षय खन्ना), आणि तिच्याकडं उरलाय तो संताप. नवऱ्याला अस्थी हव्यात, तिला न्याय हवा. एकाच घरात, एकाच मुलासाठी, दोघं वेगळं काही मागत आहेत. मूल गेलेल्या घरात नवरा-बायकोचं दुःख एका मापाचं नसतं, हे सांगायला पटकथेनं कुठलंही भाषण वापरलेलं नाही.

मग येते ती कादंबरी. ठाण्याची फरशी उकरली जाते, सांगाडा निघतो, विजय गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतो. सगळं संपल्यासारखं वाटतं आणि डीएनए जुळत नाही. त्याच सुमाराला मुराद अली नावाचा पटकथालेखक (सौरभ शुक्ला) पोलिसांकडं येतो. विजयनं आपल्याबरोबर बसून एक गोष्ट लिहिली होती, बातम्यांत तीच ऐकतोय, असं तो सांगतो, आणि विजयला हवा असलेला शेवटही. नायकाला ठाऊक असतं की देह कधी ना कधी सापडणार. म्हणून तो आधीच कब्र खोदणाऱ्याशी ओळख वाढवतो, त्याच वयाच्या दुसऱ्या एका मृत तरुणाचा सांगाडा मिळवून ठेवतो, तपासणीच्या ठिकाणच्या पहारेकऱ्याशीही दोस्ती जोडतो आणि वेळ येताच एका रात्रीत सांगाडे बदलतो.

या रचनेत थर किती आहेत पाहा. विजय सिनेमे बघून शिकला, शिकलेलं जगला, जगलेलं लिहून काढलं, लिहिलेलं छापून घेतलं, आणि छापलेलं आपल्या बचावासाठी पुढं केलं. सत्य लपवायची सर्वांत सुरक्षित जागा कादंबरी, कारण तिथं ते उघड्यावर ठेवलं तरी कुणी सत्य मानत नाही. पोलीस जे जे खरं सांगतील ते ते पुस्तकात आहे, म्हणून ते खोटं. पहिल्या भागात विजयनं साक्षीदारांच्या डोक्यात गोष्ट घातली होती. इथं त्यानं खरी घडलेली गोष्टच गोष्ट म्हणून खपवली. युक्ती तीच, पण आतून बाहेर उलटलेली. त्यामुळं उत्तरभाग पहिल्याची नक्कल वाटत नाही, पहिल्याचा विस्तार वाटतो.

कायद्याच्या अंगानंही ही योजना पक्की आहे. त्या रात्रीचा साक्षीदार स्वतः खुनी, तुरुंगातून सुटलेला, आणि माहितीच्या बदल्यात पैशाची घासाघीस करणारा. अशा हितसंबंधी माणसाच्या शब्दाला बाहेरून बळ मिळाल्याशिवाय फारशी किंमत नाही, आणि ते बळ म्हणजे सांगाडा. विजय साक्षीदाराच्या वाटेला जातच नाही. त्याच्या साक्षीला टेकू देणारी नेमकी तेवढी एक गोष्ट काढून घेतो.

आता तो न विचारलेला प्रश्न. तो दुसरा सांगाडा कुणाचा?

कुणीतरी तरुण पोरगा मेला. त्याच्या आईबापांनी त्याला माती दिली, प्रार्थना केली, घरी गेले. त्यांच्या दृष्टीनं तो त्या जागी निजलेला आहे. तो तिथं नाही. कबरीतून निघून तो विजयच्या ताब्यात गेला आणि अखेर दुसऱ्याच्या नावानं तपासणीच्या टेबलावर पोचला. देशमुखांच्या मुलाचे अवशेष शोधणारी कथा सुटते ती दुसऱ्या एका घराचे अवशेष हरवून. पटकथेनं त्याला नाव दिलेलं नाही, घर दिलेलं नाही, आणि आपणही टाळ्यांच्या भरात ते मागत नाही. बापाच्या विनवणीनं आत्ताच हललेले आपण, पाऊण तासानं दुसऱ्या बापाच्या मुलाची हाडं पळवल्याबद्दल खूश होतो.

हा दोष म्हणावा की कथेची अटळ किंमत? केइगो हिगाशिनो यांच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' या २००५च्या जपानी कादंबरीत याच जातीचा डाव आहे. तिच्यावरून आपल्याकडं २०२३ साली सुजॉय घोष यांचा 'जाने जाँ' आला. तिथं गणिताचा शिक्षक शेजारणीला वाचवण्यासाठी एका बेघर माणसाचा जीव घेतो, म्हणजे खुनाची तारीख सरकते आणि शेजारणीची त्या दिवशीची हकीकत खरीच ठरते. वाचक शिक्षकाच्या त्यागानं भारावतो. पण हिगाशिनो त्या बेघर माणसाला विसरत नाहीत. कादंबरीच्या सुरुवातीला नदीकाठच्या बेघरांची वस्ती आपण शिक्षकाच्या डोळ्यांनी पाहिलेली असते, आणि शेवटी कळतं की ती निवड होती. कुणाच्या जाण्यानं कुणाला फरक पडणार नाही, याचा तो अंदाज होता. 'दृश्यम २'मध्ये खून नाही, फक्त हाडांची चोरी आहे, हे खरं. तरी निवड तशीच आहे. ज्याच्यामागं कुणी महानिरीक्षक आई नाही, असं मूल.

परभणी जिल्ह्यातल्या वाचकाला इथं थांबावंच लागतं, कारण मानवत याच जिल्ह्यात आहे. कापसाच्या बाजारपेठेचं हे गाव देशाला ठाऊक झालं ते खुनांमुळं. १४ नोव्हेंबर १९७२ला, बालदिनाच्या दिवशी, पहिला खून झाला आणि ४ जानेवारी १९७४पर्यंत मालिका चालली. साधारण दहा वर्षांच्या पाच मुली, एक तान्हं मूल आणि चार बायका, असा बळींचा हिशोब सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात सुरुवातीलाच येतो. सरकार पक्षाचं म्हणणं असं होतं की गुप्तधन मिळावं आणि मूल व्हावं म्हणून पिंपळावरच्या मुंजाला हे बळी दिले गेले. आपल्या घरात मूल यावं म्हणून दुसऱ्याचं मूल. बहात्तरच्या दुष्काळाचा तो काळ. दहा-दहा वर्षांच्या मुली बळी जात असूनही मालिका थांबायला जवळपास चौदा महिने जावे लागले. स्थानिक तपास अडखळला, तेव्हा रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा नामवंत अधिकारी पाठवला गेला.

या खटल्याचा उत्तरभाग अनेकांनी लिहिला. पहिला सर्वोच्च न्यायालयानं, १९ एप्रिल १९७७ला, 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालानं. गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीला बाहेरून पुष्टी लागते ती का आणि किती, आणि शिक्षा सुनावण्याआधी आरोपीला ऐकून घेण्याचा अर्थ काय, या दोन मुद्द्यांसाठी वकील आजही तो उघडतात. माफीच्या साक्षीदाराचा शब्द आणि त्याला लागणारा टेकू ही मानवतच्या खटल्यातली गाठ, आणि 'दृश्यम २'चा सगळा डाव तशाच टेकूवर चाललेला आहे. दुसरा उत्तरभाग १९८१चा 'आक्रीत' : विजय तेंडुलकरांची पटकथा आणि दिग्दर्शक म्हणून अमोल पालेकरांचा पहिला चित्रपट. मग स्वतः कुलकर्णींनी आपल्या कारकिर्दीवरच्या इंग्रजी पुस्तकात ही हकीकत सांगितली आणि त्यावरून आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका ऑक्टोबर २०२४मध्ये आली. त्यात कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर आहेत.

एवढ्या लिखाणातून कोण लक्षात राहतं? तपास करणारा अधिकारी, सत्तेतली माणसं, मांत्रिक, पिंपळ. निकालपत्रात मुलींची नावं आहेत, कारण कायद्याला नाव लागतं. लोकांच्या तोंडी मात्र 'मानवत' एवढंच राहिलं. गाव गुन्ह्याचं नाव झालं आणि पोरी संख्या झाल्या. यात त्या लेखकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. रहस्यकथेला करणारा आणि शोधणारा अशी दोन टोकं लागतात, बळी पहिल्या प्रकरणातच संपतो. पण मानवत ठाऊक असलेला माणूस 'दृश्यम २' बघतो तेव्हा त्याला दिसतं की ज्याच्यासाठी अख्खं खातं सात वर्षं जमीन उकरतं ते मूल एक, आणि ज्याचा उल्लेख एका वाक्यात उरकतो ते मूल दुसरं. मल्याळम 'दृश्यम' आला त्याच वर्षी, १० मे २०१३ला, सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवावा आणि अपहरण किंवा मानवी व्यापार झाला आहे असं गृहीत धरूनच शोध सुरू करावा. असा आदेश द्यावा लागला यातच कळतं की तोवर पोराचा शोध पोराच्या घराकडं बघून होत असे.

हे सगळं मनात धरून पुन्हा शेवटाकडं यावं. खटला टिकत नाही, आणि विजय सॅमच्या खऱ्या अस्थी महेश आणि मीरापर्यंत पोचवतो. पोरीला वाचवायचंच आहे, पण त्या बापाचं मागणं त्यानं मनात ठेवलेलं होतं. शिक्षा न होता प्रायश्चित्त, असा हा शेवट आहे. पुरावा म्हणून हाडं नाहीशी करायची आणि अस्थी म्हणून तीच परत द्यायची, हे एका कृतीत साधणं म्हणजे पटकथेचा कळस. पोलिसांचा प्रश्न अनुत्तरित ठेवून आईबापांच्या प्रश्नाला उत्तर दिलं जातं. पहिल्या भागानं आपल्याला ज्या आईच्या विरुद्ध उभं केलं होतं, तिचं देणं दुसऱ्या भागानं फेडलं, निदान अर्धं.

त्रुटी आहेत. योगायोग जरा जास्त. पहारेकऱ्याची दोस्ती, नेमक्या वयाचा मृत तरुण, नेमक्या रात्री साधलेली अदलाबदल, हे सगळं मुराद अलीच्या तोंडून घाईघाईत सांगितलं जातं; दाखवण्यापेक्षा सांगण्यावर भर पडतो. विजय इतका पुढचं बघणारा झालाय की पहिल्या भागातल्या घाबरलेल्या बापाची धडपड त्याच्यात कमी दिसते. मल्याळममधला मोहनलाल यांचा जॉर्जकुट्टी शेवटपर्यंत थकलेला वाटतो. देवगणचा विजय अधूनमधून नायक होतो. अक्षय खन्नांचा अधिकारी रुबाबदार आहे, पण त्याला स्वतःचं असं दुःख नाही, त्यामुळं तो डाव खेळतो आणि निघून जातो.

तरीही दोन भागांत मला दुसराच मोठा वाटतो. पहिल्याची घट्ट वीण त्याच्यात नाही, पण पहिला जे सोयीनं विसरला ते त्यानं आठवलं. चांगला उत्तरभाग गुन्हा पुढं चालवत बसत नाही, पहिल्या भागानं कुणाला वगळलं होतं ते शोधतो. 'दृश्यम २'नं सॅमच्या आईबापांना शोधलं आणि त्याच दमात कबरीतल्या त्या पोराला वगळलं. म्हणजे तिसऱ्या भागाचं बीज त्यानं स्वतःच पेरून ठेवलेलं आहे, आणि त्यासाठी नवा खून किंवा नवा अधिकारी काहीच लागणार नाही. त्या पोराच्या घरचं एक माणूस कबरीवर फुलं ठेवायला आलं आणि माती हललेली आहे अशी शंका त्याला आली, तर विजय साळगावकरच्या सगळ्या पावत्या, तिकिटं आणि छापील कादंबरी मिळूनही त्याला उत्तर देऊ शकणार नाहीत.